थ्युरिंगेनची लांडटाग निवडणूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येना, इल्मेनाऊ आणि वायमारला शिकायला आलेली मराठी मुलं, एर्फुर्टमध्ये नोकरीला असलेली काही मंडळी आणि त्या सगळ्यांचे तिकडे पुण्या-नाशकात बसून बातम्या वाचणारे आईवडील, यांच्याकडून तेच तेच प्रश्न येत राहतात. एकेकाला फोनवर सांगून घसा बसला, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. कोणतंही उत्तर सुटं वाचलं तरी कळावं. दुसरीकडे सविस्तर लिहिलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

आधीच एक सांगते. इथे निकालाच्या रात्री अर्धीच गोष्ट कळते. उरलेली गोष्ट निम्मे, एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश या हिशेबांत दडलेली असते. मला येणारे अवघड प्रश्नही बहुतेक तिथलेच असतात.

१. लांडटाग म्हणजे नेमकं काय? आपली विधानसभाच ना?

ढोबळमानाने हो. जर्मनीत १६ राज्यं आहेत आणि प्रत्येकाचं आपापलं विधिमंडळ आहे. बहुतेक ठिकाणी त्याला लांडटाग म्हणतात. हॅम्बुर्ग आणि ब्रेमेनमध्ये ब्युर्गरशाफ्ट हे नाव आहे, बर्लिनमध्ये आणखी वेगळं. आपल्यापेक्षा मोठे फरक दोन. विधान परिषदेसारखं वरचं सभागृह इथे नाही. आणि राज्यपालही नाही, त्यामुळे ‘सरकार स्थापनेचं निमंत्रण’ हा प्रकारच नाही. मुख्यमंत्र्याला इथे मिनिस्टरप्रेझिडेंट म्हणतात (मी पुढे सरळ मुख्यमंत्रीच लिहिणार आहे) आणि त्याला आमदार गुप्त मतदानाने निवडतात. ही निवड म्हणजे वेगळंच प्रकरण आहे, त्यासाठी प्रश्न ११ ते १३ पाहा.

थ्युरिंगेन तसं लहान राज्य आहे. लोकसंख्या २१ लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या पुणे शहराची वस्ती याहून जास्त. राजधानी एर्फुर्ट. लांडटागमध्ये किमान ८८ आमदार असतात.

२. मागची निवडणूक कधी झाली आणि पुढची कधी?

मागची १ सप्टेंबर २०२४ रोजी झाली. मुदत ५ वर्षांची असते, त्यामुळे पुढची २०२९ मध्ये. मुदतीआधी घ्यायची तर साधारणपणे लांडटागला स्वतःचं विसर्जन दोन तृतीयांश मतांनी करावं लागतं. २०२१ मध्ये तसं ठरलं होतं. २६ सप्टेंबरला बुंडेसटागच्या (म्हणजे इथल्या लोकसभेच्या) निवडणुकीबरोबरच मतदान घ्यायचं होतं. पण दोन तृतीयांश मतांची खात्री पटेना, म्हणून जुलैमध्ये प्रस्तावच मागे घेतला गेला.

३. मी सहा वर्षं इथे राहतो, कर भरतो, जर्मनही बोलतो. मला मत का नाही?

कारण पासपोर्ट भारतीय आहे. लांडटागसाठी जर्मन नागरिकत्व लागतं, वय १८ पूर्ण लागतं आणि थ्युरिंगेनमध्ये किमान ३ महिन्यांचं वास्तव्य लागतं. एके काळी श्लेस्विग-होल्स्टाइन आणि हॅम्बुर्गने परदेशी रहिवाशांना स्थानिक पातळीवर मत द्यायचा प्रयत्न केला होता. ३१ ऑक्टोबर १९९० रोजी संघराज्याच्या घटना न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर युरोपीय संघातल्या देशांच्या नागरिकांना महापालिका-ग्रामपंचायतीच्या पातळीवर मत मिळालं. आपण त्यातही बसत नाही. काही शहरांत परदेशी रहिवाशांची सल्लागार समिती निवडली जाते, तिच्यासाठी मात्र तुम्ही मत देऊ शकता. अधिकार फारसे नसतात, पण समितीचं म्हणणं नगर परिषद ऐकून घेते.

४. मला जर्मन नागरिकत्व मिळालंय. मतदार यादीत नाव कुठे घालायचं? बायकोचा अर्ज अजून व्हायचाय, तिचं काय?

नाव कुठेच घालायचं नाही. तुम्ही पत्ता नोंदवलेला असतो, त्या नोंदीवरून यादी आपोआप बनते आणि मतदानाच्या काही आठवडे आधी घरी पत्र येतं. त्यावर केंद्राचा पत्ता असतो आणि टपालाने मत मागवायची सोयही. टपालाचं मत मतदानाच्या दिवशी संध्याकाळी ६ च्या आत पोचलंच पाहिजे. त्या दिवशी टाकलं आणि सोमवारी पोचलं, तर ते मोजत नाहीत.

बायकोसाठी: २७ जून २०२४ पासून साधारणपणे ५ वर्षांच्या वास्तव्यावर अर्ज करता येतो, आधी ८ लागत. जर्मनी आता जुनं नागरिकत्व सोडायला लावत नाही. भारत मात्र दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचं कार्ड) घ्यावं लागतं. ‘दोन्ही ठेवता येतात’ असं कोणी सांगितलं तर तो अर्धंच सांगतोय.

५. माझी मुलगी १६ वर्षांची आहे, तिने मे २०२४ मध्ये मत दिलं. मग सप्टेंबरमध्ये तिला पत्र का आलं नाही?

थ्युरिंगेनमध्ये स्थानिक निवडणुकीला १६ ची अट आहे, लांडटागला १८ ची. ब्रांडेनबुर्ग राज्यात लांडटागलाही १६ चालतात. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे, एकाचा नियम दुसऱ्याला लावू नका.

६. मतपत्रिकेवर दोन मतं कशासाठी?

डावीकडचं मत तुमच्या मतदारसंघातल्या माणसाला. तिथे आपल्यासारखंच चालतं, ज्याला सर्वांत जास्त मतं तो आला. असे ४४ मतदारसंघ आहेत. उजवीकडचं मत पक्षाच्या राज्यव्यापी यादीला. संपूर्ण जर्मनीत लोक याला ‘पहिलं’ आणि ‘दुसरं’ मत म्हणतात. थ्युरिंगेनच्या कायद्यात त्यांची नावं मतदारसंघाचं मत आणि राज्याचं मत अशी आहेत, आणि ती जास्त समजूतदार आहेत. ‘दुसरं’ म्हटलं की नवख्याला ते दुय्यम वाटतं, खरं तर तेच मुख्य. कोणत्या पक्षाला ८८ पैकी किती जागा हे फक्त उजवीकडचं मत ठरवतं. पक्षाच्या वाट्यातून आधी थेट निवडून आलेल्यांना जागा मिळतात आणि उरलेल्या जागा यादीतून वरून खाली भरतात.

हे वेगळेपण आपल्याकडच्या आकड्यांशेजारी ठेवलं की लगेच कळतं. नोव्हेंबर २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभेत भाजपला २७ टक्क्यांच्या आसपास मतं आणि २८८ पैकी १३२ जागा मिळाल्या. (युतीत त्यांनी सगळ्या जागा लढवल्या नव्हत्या, हेही खरं.) थ्युरिंगेनमध्ये तेवढ्या मतांवर साधारण पाव जागांच्या थोड्या वर मिळतील, त्याहून फार नाही.

७. ५ टक्क्यांची अट सगळ्यांना लागू आहे? मग सॅक्सनीत डी लिंक पक्ष साडेचार टक्क्यांवर कसा आला?

थ्युरिंगेनमध्ये सगळ्यांना. राज्याच्या मतांत ५ टक्के झाले नाहीत तर यादीतून एकही जागा नाही. शेजारच्या सॅक्सनी राज्याच्या कायद्यात मात्र एक मागचं दार आहे. दोन मतदारसंघ थेट जिंकले तर ५ टक्क्यांची अट सुटते. १ सप्टेंबर २०२४ लाच डी लिंक या डाव्या पक्षाने तिथे लाइपझिगमधल्या दोन जागा जिंकल्या आणि पक्ष आत आला. थ्युरिंगेनमध्ये असं दार नाही.

अट किती धारदार आहे त्याचा नमुना २०१९ चा. एफडीपी हा उदारमतवादी पक्ष; ती अंतिम मोजणीत ५ टक्क्यांच्या रेषेच्या अवघ्या ७३ मतांनी वर राहिली. ही ७३ मतं ध्यानात ठेवा, प्रश्न १३ मध्ये लागतील. २०२४ मध्ये हाच पक्ष १.१ टक्क्यावर आला.

८. मी टक्केवारीवरून स्वतः हिशेब केला. एएफडीला ३१ आणि डी लिंकला १३ येतात. अधिकृत निकालात ३२ आणि १२ का?

इंजिनिअर मुलांचा लाडका प्रश्न, आणि हिशेब चुकलेला नसतो. (पक्षांची ओळख: एएफडी अतिउजवा, सीडीयू परंपरावादी, एसपीडी सोशल डेमोक्रॅट, डी लिंक डावा; बीएसडब्ल्यूसाठी प्रश्न १०.) पद्धत अशी: ५ टक्क्यांखालचे पक्ष बाजूला काढायचे, उरलेल्यांच्या मतांच्या प्रमाणात ८८ जागा वाटायच्या, प्रत्येकाचा पूर्णांक आधी द्यायचा आणि राहिलेल्या जागा ज्यांचा अपूर्णांक मोठा त्यांना क्रमाने द्यायच्या. बातम्यांतली टक्केवारी घेतली तर एएफडीचा वाटा ३१.५८ येतो आणि डी लिंकचा १२.६१. शेवटची जागा डी लिंककडे जाते.

पण बातम्यांतली टक्केवारी एका दशांशापर्यंत गोल केलेली असते. एएफडीचे ३२.८४ होते, ते ३२.८ झाले. डी लिंकचे १३.०५ होते, ते १३.१ झाले. एकाचे खाली गेले, दुसऱ्याचे वर. प्रत्यक्ष मतांवरून मांडलं की एएफडी ३१.६५, सीडीयू २२.७५, बीएसडब्ल्यू १५.१९, डी लिंक १२.५८ आणि एसपीडी ५.८३ येतात. पूर्णांकांची बेरीज ८५, तीन जागा उरल्या. त्या एसपीडी, सीडीयू आणि एएफडीला गेल्या. डी लिंक सात शतांशांनी मागे राहिली.

अधिकृत यंत्रणाही चुकते बरं का. सॅक्सनीत त्याच रात्री जाहीर झालेलं जागावाटप दुसऱ्या दिवशी बदलावं लागलं. एएफडीची एक जागा कमी झाली आणि तिच्याबरोबर एक तृतीयांशाचा अडसरही गेला (प्रश्न १६).

९. मतदान यंत्रावर होतं की कागदावर? आणि मोजणी कोण बघतं?

कागदावर. २००५ च्या बुंडेसटाग निवडणुकीत काही ठिकाणी यंत्रं वापरली होती. ३ मार्च २००९ रोजी घटना न्यायालयाने ती अवैध ठरवली. मुद्दा यंत्रात फेरफार झाला असा नव्हता. सामान्य माणसाला, तांत्रिक ज्ञान नसताना, मोजणीचे महत्त्वाचे टप्पे स्वतः तपासता आले पाहिजेत, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

मोजणी सार्वजनिक असते, कोणीही जाऊन बघू शकतं, मत नसलेली आपण माणसंसुद्धा. २०२४ ला मी येनाच्या एका शाळेत गेले होते. पहिली-दुसरीचा वर्ग, भिंतीवर मुलांनी काढलेले साळिंदर, बुटकी बाकं एकत्र ओढून केलेलं एक लांब टेबल. बरोब्बर ६ वाजता दार आतून बंद न करता पेटी टेबलावर उपडी केली. दोघं फक्त घड्या उघडत होते, एक आजी थुंकी न लावता बोटाला ओला स्पंज लावून पत्रिका मोजत होत्या, आणि पक्षागणिक ढीग वाढत होते. एक ढीग बाकीच्यांपेक्षा भराभर चढला, तेव्हा कोणी काही बोललं नाही. हे सगळे स्वयंसेवक असतात. त्यांना मिळणाऱ्या किरकोळ मानधनाचं जर्मन नाव आहे ‘तरतरी भत्ता’, म्हणजे शब्दशः तसंच.

बाकी किरकोळ शंका: बोटाला शाई लावत नाहीत. ड्राय डे नसतो. ‘वरीलपैकी कोणी नाही’ हे बटण किंवा रकाना नाही. डिपॉझिट नसतं, त्यामुळे जप्तही होत नाही. नव्या पक्षांना त्याऐवजी सह्या गोळा कराव्या लागतात.

१०. २०२४ चा निकाल थोडक्यात सांगा. आणि सर्वांत मोठा पक्ष सत्तेबाहेर, ही लोकशाही कसली?

एएफडी ३२.८ टक्के आणि ३२ जागा. सीडीयू २३.६ आणि २३. डी लिंकमधून बाहेर पडलेल्या सारा वागेनक्नेश्टचा नवा पक्ष बीएसडब्ल्यू १५.८ आणि १५. डी लिंक १३.१ आणि १२. एसपीडी ६.१ आणि ६. ग्रीन आणि एफडीपी बाहेर. मतदान ७३.६ टक्के.

आता दुसरा भाग. एएफडीच्या थ्युरिंगेन शाखेला राज्याच्या घटनारक्षण विभागाने (म्हणजे देशांतर्गत गुप्तचर खात्याने) २०२१ मध्ये ‘सिद्ध अतिउजवी’ असं वर्गीकृत केलंय. बाकी सगळ्या पक्षांनी तिच्याशी युती करणार नाही असं मतदानाआधीच सांगितलं होतं. ८८ मध्ये ३२ म्हणजे बहुमत नव्हे, आणि मोठ्या पक्षाला पहिली संधी द्यायचा नियम इथे नाही. १९९९ नंतर शिवसेना-भाजप युती असो की काँग्रेस-राष्ट्रवादी, जुळवाजुळव आपल्यालाही नवी नाही. एक तृतीयांश मतदारांना आपण डावलले गेलो असं वाटतं, ही गोष्ट मात्र खरी आहे, आणि शेजाऱ्यांशी गप्पा मारताना ती जाणवते.

११. ४४ विरुद्ध ४४ असताना सरकार बनलं कसं?

सीडीयू, बीएसडब्ल्यू आणि एसपीडी मिळून ४४, एएफडी आणि डी लिंक मिळून ४४. काळा, जांभळा आणि लाल या पक्षरंगांवरून लोकांनी या युतीला ब्लॅकबेरी युती नाव दिलं. काठावरच्या बरोबरीत मांडलेला प्रस्ताव पडतो, म्हणून डी लिंकशी आधी बोलून घेण्याचा रिवाज ठरवून घेतला गेला.

मुख्यमंत्र्याच्या निवडीचे नियम राज्यघटनेच्या कलम ७० मध्ये आहेत. पहिल्या फेरीत एकूण सदस्यांचं बहुमत लागतं, म्हणजे ४५. नाही मिळालं तर तशीच दुसरी फेरी. तेही नाही तर तिसरी, आणि तिथे ज्याला ‘सर्वांत जास्त मतं’ तो निवडून येतो. चर्चा नाही, मतदान गुप्त. १२ डिसेंबर २०२४ रोजी सीडीयूचे मारिओ फॉइग्ट पहिल्याच फेरीत ५१ मतांनी आले. आपली ४४ सगळी मिळाली असं धरलं तरी किमान ७ मतं बाहेरची. ती कोणाची हे मतदान गुप्त असल्याने कोणी सिद्ध करू शकत नाही.

१२. तिसऱ्या फेरीत एकच उमेदवार असेल आणि ‘हो’पेक्षा ‘नाही’ जास्त पडले तर?

कायद्याच्या विद्यार्थ्याने विचारलेला, या पानावरचा सर्वांत खवचट प्रश्न. घटनेत फक्त ‘सर्वांत जास्त मतं’ एवढंच आहे. एका मताचे पंडित म्हणतात, एकटा उमेदवार असेल तर एक ‘हो’ही पुरे, कारण त्याच्याहून जास्त मतं दुसऱ्या कोणाला नाहीत. दुसरे म्हणतात, ‘नाही’ हीसुद्धा मतंच, ती ओलांडलीच पाहिजेत. २०१४ मध्ये दोन्ही बाजूंचे कायदेतज्ज्ञांचे लेखी अभिप्राय मागवले गेले होते. पण प्रसंगच आला नाही: तेव्हा डी लिंकचे बोडो रामेलो दुसऱ्या फेरीत आले. मार्च २०२० मध्ये ते तिसऱ्या फेरीत एकटेच होते, पण ४२ ‘हो’ आणि २३ ‘नाही’, म्हणजे दोन्ही अर्थांनी पास.

१३. २०२० मध्ये फुलं फेकली होती ते काय प्रकरण? फक्त ५ आमदारांच्या पक्षाचा मुख्यमंत्री कसा झाला?

मुख्यमंत्र्याच्या निवडीतल्या तिसऱ्या फेरीच्या नियमामुळे (प्रश्न ११). २०१९ च्या निवडणुकीत ९० जणांचं सभागृह बनलं. रामेलोंच्या डी लिंक, एसपीडी आणि ग्रीन युतीकडे ४२ होते, समोर सीडीयू २१, एएफडी २२ आणि त्या ७३ मतांवर (प्रश्न ७) आत आलेल्या एफडीपीचे ५. ५ फेब्रुवारी २०२० रोजी पहिल्या दोन फेऱ्यांत कोणालाच बहुमत मिळालं नाही. एएफडीने आपला म्हणून एका गावच्या महापौराला उभं केलं होतं. तिसऱ्या फेरीत एफडीपीचे थॉमस केमेरिश उतरले. मोजणी झाली: केमेरिश ४५, रामेलो ४४, आणि एएफडीच्या स्वतःच्या उमेदवाराला शून्य. एएफडीने आपलाच मोहरा बळी देऊन पट उलटवला होता.

डी लिंकच्या सुझाने हेनिग-वेल्सो अभिनंदनाला म्हणून पुष्पगुच्छ घेऊन पुढे गेल्या आणि तो नव्या मुख्यमंत्र्याच्या पायाशी टाकून वळल्या. निवडून आलेला माणूस हसतमुख उभा, बुटांशेजारी फुलं. तो फोटो इथे आजही कोणालाही आठवतो. जर्मनीच्या चॅन्सेलर (पंतप्रधानासारखं पद) अंगेला मेर्केल तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर होत्या. हा प्रकार अक्षम्य आहे, असं त्यांनी तिथूनच सांगितलं. ८ फेब्रुवारीला केमेरिशनी राजीनामा दिला.

याला शेपूट आहे. २०२२ मध्ये संघराज्याच्या घटना न्यायालयाने निकाल दिला की मेर्केलबाईंनी चॅन्सेलर या नात्याने ते बोलायला नको होतं, त्याने एएफडीच्या समान संधीच्या हक्काचा भंग झाला.

आणि लोक याबाबत इतके हळवे का, असंही विचारतात. जानेवारी १९३० मध्ये कोणत्याही राज्य सरकारातला नाझी पक्षाचा पहिला मंत्री, विल्हेल्म फ्रिक, याच थ्युरिंगेनमध्ये उजव्या युतीच्या सरकारात बसला होता.

१४. मग राष्ट्रपती राजवट का लागली नाही?

कारण तशी सोय नाही. राजीनामा दिलेला मुख्यमंत्री पुढचा निवडेपर्यंत काळजीवाहू म्हणून काम बघतो. केमेरिशनी (प्रश्न १३) मंत्री नेमलेच नव्हते, त्यामुळे ८ फेब्रुवारी ते ४ मार्च २०२० राज्याच्या मंत्रिमंडळात मोजून एक माणूस होता. फायली सचिव हलवत होते. कारभार थांबला नाही, बस वेळेवर येत होत्या, हे मी स्वतः पाहिलंय.

मुदतीच्या मध्येच मुख्यमंत्री हटवायचा असेल तर नुसता अविश्वास ठराव चालत नाही, त्याच ठरावात त्याच्या जागी दुसरा निवडावा लागतो. जुलै २०२१ मध्ये एएफडीने आपले राज्यातले नेते ब्यॉर्न होकं यांचं नाव घालून तो आणला, आणि त्यांच्या आमदारांइतकीच, २२ मतं पडली.

१५. पक्षांतरबंदी आहे का?

नाही. आमदार सदसद्विवेकाला बांधील असतो, पक्षाला नाही, आणि पक्ष सोडला तरी जागा राहते. आपल्याकडे १९८५ मध्ये दहावी अनुसूची आली, तरी २०२२ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने जे पाहिलं ते पाहिलंच. इथे कायदाच नाही आणि फुटाफूट त्या मानाने किरकोळ. थ्युरिंगेनचं उदाहरण: २०१४ ते २०१९ मध्ये ९१ च्या सभागृहात रामेलोंकडे ४६ होते, बहुमत फक्त एकाचं. एएफडीचा एक आमदार एसपीडीत आला, ४७ झाले. मग एसपीडीची एक आमदार सीडीयूत गेली, पुन्हा ४६. हॉटेल नाही, बस नाही, गुवाहाटी नाही.

१६. ‘स्पेर्रमिनोरिटेट’ हा शब्द सारखा ऐकू येतो. एएफडी विरोधात आहे तर अडवते काय?

अडसर घालणारे अल्पमत असा त्याचा अर्थ. राज्यघटना बदलायला, लांडटाग विसर्जित करायला, राज्याच्या घटना न्यायालयाचे न्यायाधीश निवडायला दोन तृतीयांश लागतात, ८८ पैकी ५९. म्हणजे ३० जणांनी नकार दिला की काम अडलं. एएफडीकडे ३२ आहेत. सर्वांत झोंबलेली गोष्ट म्हणजे न्यायाधीश नेमणाऱ्या समितीतले आमदारही दोन तृतीयांशांनीच निवडायचे असतात. पूर्वीच्या पिढीतले न्यायाधीश निवृत्त होत असताना ही समितीच नव्याने बसू शकली नाही आणि एएफडीला त्यावर सौदा करता आला.

आता प्रश्न ८ परत पाहा. सॅक्सनीत १२० जागा, अडसरासाठी ४१ हव्या. दुरुस्तीनंतर एएफडीकडे ४० राहिल्या. एका जागेचं मोल असं असतं.

१७. पहिल्याच बैठकीचं भांडण कोर्टात कसं गेलं?

पहिली बैठक वयाने सर्वांत ज्येष्ठ आमदाराने चालवायची प्रथा आहे. २६ सप्टेंबर २०२४ रोजी ते ज्येष्ठ म्हणजे एएफडीचे ७३ वर्षांचे युर्गेन ट्रॉइटलर. अध्यक्षपदाचा उमेदवार पहिल्यांदा सुचवायचा मान नियमावलीनुसार सर्वांत मोठ्या पक्षाला होता, म्हणजे एएफडीला. बाकीच्यांना आधी नियमावली बदलायची होती. ट्रॉइटलर म्हणाले, अध्यक्ष निवडल्याशिवाय प्रस्ताव घेणार नाही. हजेरीसुद्धा घेईनात. दिवसभर आरडाओरडा, पुन्हा पुन्हा तहकुबी. सीडीयू वायमारच्या राज्य घटना न्यायालयात गेली, शुक्रवारी रात्री निकाल आला: सभागृहाला स्वतःचे नियम ठरवायचा हक्क आधीपासून आहे, ज्येष्ठ आमदाराने तो अडवू नये. शनिवारी नियम बदलला आणि सीडीयूचे थाडेउस क्योनिग अध्यक्ष झाले. बुंडेसटागने हा धोका ओळखून २०१७ मध्येच वयाऐवजी संसदेतल्या सेवेची ज्येष्ठता धरायला सुरुवात केली होती.

१८. होकं स्वतःच्या मतदारसंघात हरले, तरी आमदार कसे? पोटनिवडणूक झाली का?

ते राज्याच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होते, म्हणून (प्रश्न ६). २०२४ मध्ये ग्राइत्स भागातल्या मतदारसंघात ते सीडीयूकडून हरले. २०१९ मध्ये आइशफेल्डमध्ये त्यांना हरवणारे होते क्योनिग, प्रश्न १७ मधले तेच अध्यक्ष. पोटनिवडणूक इथे नसते. आमदार गेला की यादीतला पुढचा येतो.

याला जोडून: २०२४ मध्ये त्यांना हाले इथल्या न्यायालयाने नाझी घोषवाक्य वापरल्याबद्दल दंड केला, तरी उमेदवारीला आडकाठी आली नाही. गंभीर गुन्ह्यात किमान एक वर्षाची कैद झाली तरच निवडणूक लढवायचा हक्क आपोआप जातो.

१९. महिलांसाठी राखीव जागा आहेत?

होता होता राहिल्या. जुलै २०१९ मध्ये थ्युरिंगेनने कायदा केला की पक्षांच्या यादीत बाई, पुरुष असा एकाआड एक क्रम हवा. एएफडीने आव्हान दिलं आणि १५ जुलै २०२० रोजी राज्य घटना न्यायालयाने तो रद्द केला, कारण त्याने मतदाराचं आणि पक्षांचं स्वातंत्र्य आकुंचतं. मला स्वतःला हा निकाल पटलेला नाही. डी लिंक, एसपीडी आणि ग्रीन आपापल्या याद्यांमध्ये बाई-पुरुषांचा समतोल स्वतःच्या नियमाने ठेवतात, बाकीच्यांवर सक्ती नाही.

२०. या निवडणुकीने माझा व्हिसा, फी, नोकरी यांवर काही फरक पडतो का? (आईवडिलांचा प्रश्न)

व्हिसा, ब्लू कार्ड आणि नागरिकत्वाचे कायदे बर्लिनमध्ये होतात. लांडटाग ते बदलू शकत नाही. राज्याचा थोडा हात बुंडेसराट या राज्यांच्या सभागृहातून पोचतो, तिथे ६९ पैकी ४ मतं थ्युरिंगेनची, आणि ती चारही एकाच बाजूने टाकावी लागतात. युतीत मतभेद झाले तर बहुधा तटस्थ राहतात.

राज्याच्या हातात असतं ते विद्यापीठ, शाळा आणि पोलीस. येनाचं विद्यापीठ किंवा इल्मेनाऊचं तंत्रविद्यापीठ किती पैशावर चालेल, विद्यार्थ्यांकडून फी घ्यायची की नाही, हे एर्फुर्टमध्ये ठरतं. परदेशी नागरिक कार्यालय शहर किंवा जिल्हा चालवतो, त्यामुळे तिथली अपॉइंटमेंट चार महिन्यांनी मिळाली तर त्याचा राग लांडटागवर काढून उपयोग नाही. अर्ज लवकर टाका, आणि टाकल्याची पोच छापून जवळ ठेवा.